बिऱ्हाड पाठीवर, काम मांडीवर

टीममधल्या एका सहकाऱ्याशी माझं जवळजवळ रोज बोलणं व्हायचं. एकदा तो सहज म्हणाला, "या वर्षी कुठे फिरायला जाणार?" तेव्हा कुठे त्याला कळलं की मागच्या पाच महिन्यांत मी तीन देशांत राहून झाले होते. मॅनेजरला माहीत होतं, एचआरकडे लेखी नोंद होती. पण ज्याच्यासोबत रोज काम करत होते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. फिरता फिरता काम करणं जमतंय की नाही, याची माझ्या लेखी हीच कसोटी. तुमच्या कामावरून तुम्ही कुठे बसला आहात हे कुणाला ओळखू येता कामा नये.

हे ज्यांना साधतं ते फार धाडसी असतात असं काही नाही. कंटाळवाणी कामं त्यांनी आधी उरकलेली असतात, इतकंच. त्यामुळे या लेखातही कंटाळवाणी कामंच जास्त आहेत. क्रम मुद्दाम लावला आहे. तिकीट जवळजवळ शेवटी येतं. बरेच जण ते सगळ्यात आधी काढतात आणि मग तहान लागल्यावर विहीर खणत बसतात.

पायरी १: परवानगी, आणि तीही लेखी

तुम्ही स्वतंत्रपणे काम घेत असाल तर हा भाग चाळून पुढे जा, पण क्लायंटसोबतच्या करारात 'काम अमुक देशातूनच करावं' असं कलम आहे का तेवढं बघून घ्या. नोकरीत असाल तर मात्र सावकाश वाचा.

'आमच्याकडे घरून काम चालतं' याचा अर्थ 'कुठूनही काम चालतं' असा होत नाही. कंपनी अडून बसते ती दर वेळी खडूसपणा म्हणून नव्हे. एखादा कर्मचारी परदेशात बराच काळ बसून काम करत राहिला, तर तिथलं सरकार कंपनीचा तिथे कायमचा व्यवसाय आहे असं मानू शकतं आणि कंपनीवर कर लावू शकतं. शिवाय पगारातून होणाऱ्या सामाजिक सुरक्षेच्या कपाती कुठे भरायच्या हा प्रश्न येतो. ग्राहकांचा डेटा देशाबाहेरून उघडायला करारात मनाई असू शकते.

म्हणून मॅनेजरला नुसतं "मी बाहेरून काम करू का?" असं विचारू नका. नेमकं लिहा: कोणता देश, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, मिटिंगच्या कोणत्या वेळा सांभाळणार, लॅपटॉप कंपनीचा की स्वतःचा. उत्तर ई-मेलवरच घ्या. तोंडी 'हो' म्हणणारा मॅनेजर सहा महिन्यांनी दुसऱ्या विभागात गेलेला असतो.

लपूनछपून जाण्याचा मोह अनेकांना होतो. व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या ठिकाणाहून फिरवणारी सोय) लावून घरी बसल्यासारखं भासवायचं, असा तो बेत असतो. माझं स्पष्ट मत आहे: करू नका. लॉगिनचा पत्ता, फोनचं टाइम झोन, मिटिंगमध्ये खिडकीबाहेर दिसणारा अवेळी उजेड, कशातून तरी ते बाहेर येतं. मग शंका प्रवासावर घेतली जात नाही, तुमच्यावर घेतली जाते.

पायरी २: व्हिसा

पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून आपल्याच देशातल्या कंपनीचं काम करणं चालतं का? प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं आहे. काही देश ते स्पष्टपणे चालवून घेतात, काही स्पष्टपणे नाकारतात आणि बऱ्याच ठिकाणी नियमच अर्धवट आहेत. 'सगळेच करतात' हे उत्तर विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर कामाचं नाही.

करोनाच्या साथीनंतर असं परदेशात बसून काम करणाऱ्यांसाठी वेगळे व्हिसा निघाले. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये १२ महिन्यांचा परवाना आणला, एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये अर्ज घ्यायला सुरुवात केली. पोर्तुगालचा २०२२ च्या ऑक्टोबरअखेर आला. त्यासाठी महिन्याचं उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट दाखवावं लागतं. स्पेन दुप्पट मागतो. थायलंडने जुलै २०२४ मध्ये ५ वर्षांचा व्हिसा काढला, त्यावर एका खेपेला १८० दिवस राहता येतं आणि शिल्लक ५ लाख बाट दाखवावी लागते. जपानचा मार्च २०२४ चा आहे: फक्त ६ महिने, वार्षिक उत्पन्न १ कोटी येन, आणि तोही ठरावीक देशांच्या नागरिकांनाच. हे आकडे बदलत राहतात, त्यामुळे अर्जाआधी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः वाचा. कागदपत्रं मात्र सगळीकडे साधारण सारखीच: मागच्या काही महिन्यांचे पगाराचे किंवा बिलांचे पुरावे, बँकेचा उतारा, आरोग्य विमा, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि कंपनीचं पत्र. दाखल्यावर मोहोर आणि भाषांतर लागत असेल तर त्यातच महिना जातो, हे धरून चाला.

युरोपात जाणाऱ्यांची गफलत होते ती शेंगेनच्या, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या २९ युरोपीय देशांच्या गटातल्या, दिवसांत. नियम असा: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. 'कोणत्याही' हा शब्द महत्त्वाचा. हे कॅलेंडरचे अर्धे वर्ष नव्हे. आज तुम्ही तिथे आहात, तर आजपासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यातले किती दिवस त्या २९ देशांपैकी कुठेही होतात ते बघायचं. ९० दिवस सलग राहिलात, तर पुढचे ९० दिवस बाहेर काढावे लागतात. एका देशातून दुसऱ्यात गेल्याने आकडा कोरा होत नाही. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरला जातो. पूर्वी हे शिक्के बघून मोजत, आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली आहे. 'शिक्का पुसट होता' ही सबब संपली.

पासपोर्टची मुदत किमान ६ महिने उरलेली आणि दोन-चार पानं कोरी असू द्या. परतीचं किंवा पुढचं तिकीट विचारतात, बहुतेकदा विमानात बसण्याआधीच.

पायरी ३: कर

थोडक्यात सांगते, कारण इथे सल्लागाराला पैसे देणं हेच शहाणपण. १८३ दिवस हा आकडा तुम्ही ऐकला असेल. अनेक देशांत वर्षातून साधारण अर्धा काळ राहिलं की तुम्ही तिथले करदाते रहिवासी ठरता. पण '१८३ पेक्षा कमी राहिलो म्हणजे सुटलो' हा समज चुकीचा आहे. काही देश घर, कुटुंब, उत्पन्नाचा स्रोत हेही बघतात, आणि स्वतःचा देश सोडून गेलात तरी तिथली करदेयता आपोआप संपत नाही. एक सवय आजच लावा: कोणत्या तारखेला कोणत्या देशात होतात याची साधी तक्ता-फाइल आणि बोर्डिंग पास जपून ठेवणं. दोन वर्षांनी कुणी विचारलं तर आठवणीवर काही सिद्ध होत नाही.

पायरी ४: घड्याळ बघून गाव निवडा

नकाशा उघडण्याआधी घड्याळ उघडा. नवखे लोक जागा निवडतात ती हवेवरून आणि फोटोंवरून. तिसऱ्या आठवड्यात ते झोपेअभावी रडकुंडीला आलेले असतात.

समजा, तुमची टीम न्यूयॉर्कला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ काम करते. तुम्ही लिस्बनला असाल तर ते दुपारी २ ते रात्री १०. सकाळ मोकळी, फिरायला उत्तम. मेक्सिको सिटीत असाल तर सकाळी ८ ते ४, उन्हाळ्यात ७ ते ३. आणि बँकॉकला असाल तर हिवाळ्यात रात्री ९ ते पहाटे ५. हे आठवडाभर जमतं. तीन महिने जमतं असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

घड्याळं पुढेमागे करण्याची भानगड वेगळीच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे दरवर्षी दोन-तीन आठवडे दोन्हींमधलं अंतर एका तासाने बदललेलं असतं. परतताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. तिथे पुन्हा एक आठवडा. कित्येक देश हे करतच नाहीत. मेक्सिकोने बहुतेक भागात २०२२ मध्ये ते बंद केलं. यावर उपाय सोपा: कॅलेंडरमध्ये मिटिंग टाकताना 'अमुक तास पुढे' असा हिशेब करू नका, टीमच्या शहराचं नाव निवडा. बाकी यंत्र बघून घेतं. आणि वेळ लिहून कळवताना दोन्ही शहरांची वेळ लिहा.

एक तपासणी लोक विसरतात: तुमची कामाची साधनं तिथे चालतात का? चीनमध्ये गूगलच्या सेवा बंद आहेत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपवरून कॉल लागत नाहीत. काही ठिकाणी व्हीपीएन वापरण्यावरही बंधनं आहेत, आणि कंपनीचं कामच व्हीपीएनवर चालत असेल तर हे आधी आयटी विभागाला विचारावं लागतं.

पायरी ५: इंटरनेट

यावर मी जास्त जागा खर्च करणार आहे, कारण सगळी पुण्याई इथे जमा होते किंवा खर्ची पडते.

मी एकदा 'फास्ट वाय-फाय' लिहिलेली खोली महिन्याभरासाठी घेतली होती. वाय-फाय फास्ट होतं, यात खोटं काही नव्हतं. फक्त राउटर खालच्या मजल्यावर मालकांच्या बैठकीत होता आणि मध्ये दोन जाड भिंती. महिनाभर मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून मिटिंगा केल्या. तेव्हापासून बुकिंगआधी मालकाला हा मजकूर पाठवते, शब्दही बदलत नाही:

"मी घरून काम करते. कृपया ज्या खोलीत टेबल आहे तिथे बसून इंटरनेटची स्पीड टेस्ट करून त्याचा फोटो पाठवाल का? डाउनलोड आणि अपलोड दोन्ही दिसू देत. राउटर त्याच घरात आहे का आणि त्यावर अजून किती जण असतात? वीज किती वेळा जाते? टेबल-खुर्चीचा फोटोही हवा आहे."

उत्तर टाळलं, तर उत्तर मिळालं असं समजा.

फोटो आला की आधी अपलोड बघा. लोक डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूष होतात, पण मिटिंगमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज पलीकडे जातो तो अपलोडवर. गटाच्या चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ मिटिंगला दोन्ही दिशांना साधारण ३ ते ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागतात. घरात आणखी कुणी असेल, मागे फाइली चढत असतील, तर १० अपलोड असलं की निर्धास्त. डाउनलोड २०० आणि अपलोड २ असेल तर ती जागा सिनेमे बघायला छान आहे.

तिसरा आकडा 'पिंग' किंवा विलंबाचा. आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संभाषण नैसर्गिक वाटतं. त्यापुढे लोक एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतात आणि दोघांनाही दुसरा उद्धट वाटतो. दुर्गम ठिकाणी उपग्रहाचं इंटरनेट असेल तर कोणत्या प्रकारचं ते विचारा. पारंपरिक उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर असतात. सिग्नलला जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो आणि त्याला कुणाचाच इलाज नाही, प्रकाशाचा वेगच तेवढा. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणारे स्टारलिंकसारखे उपग्रह मात्र मिटिंगला चालतात.

पर्याय हाताशी हवाच. घराच्या वाय-फायशिवाय फोनमध्ये स्थानिक सिम किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम), आणि त्याचा हॉटस्पॉट. ई-सिम निघण्याआधीच टाकून ठेवता येतं, उतरल्याबरोबर नेट चालू होतं. पण खरेदीआधी तीन गोष्टी बघा: तुमचा फोन ई-सिम घेतो का, तो एखाद्या कंपनीला बांधलेला तर नाही, आणि त्या योजनेत हॉटस्पॉटला परवानगी आहे का. तिसरी गोष्ट बारीक अक्षरांत लपलेली असते. चालण्याच्या अंतरावर एखादी कोवर्किंगची जागा (भाड्याने टेबल मिळणारं सामायिक ऑफिस) हेरून ठेवा, रोज जायचं नसलं तरी. कॅफेवर फार भिस्त ठेवू नका. ई-मेलला ठीक, पण कॉफीच्या यंत्राच्या आवाजात क्लायंटसोबत पैशांची बोलणी होत नाहीत.

आणि पाच मीटरची नेटवर्क केबल बॅगेत टाका. वजन काही नाही. राउटरला थेट जोडली की अर्धी गाऱ्हाणी मिटतात.

पायरी ६: ओटीपीचा सापळा

अनुभवी माणसंही इथे अडकतात. परदेशात स्थानिक सिम घातलं, जुनं काढून पाकिटात ठेवलं, आणि बँकेत लॉगिन करायला गेलात की ओटीपी जातो त्या पाकिटातल्या सिमवर. काही ठिकाणी सिम बराच काळ वापरलं नाही की नंबरच बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो.

निघण्याआधी एक संध्याकाळ याला द्या. घरचा नंबर फोनमध्ये चालूच राहील असं बघा: तो एका जागी, डेटाचं ई-सिम दुसऱ्या जागी, घरच्या नंबरवर डेटा रोमिंग बंद पण मेसेज चालू. रोमिंगमध्ये मेसेज येण्याचे पैसे पडतात का ते कंपनीला विचारा आणि किमान रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. जिथे शक्य तिथे मेसेजऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. त्यातला दर ३० सेकंदांनी बदलणारा आकडा फोनमध्येच तयार होतो, नेटवर्क लागत नाही. फोनचं घड्याळ मात्र बरोबर हवं. आणि प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचे रिकव्हरी कोड (फोन हाताशी नसतानाही खातं उघडून देणारे) कागदावर छापून फोन-लॅपटॉपपासून वेगळ्या पिशवीत ठेवा. फोन चोरीला गेला तर दुसऱ्या दिवशी तुमची ओळख सिद्ध करणारी तीच एक गोष्ट उरते.

सार्वजनिक वाय-फायची भीती मात्र थोडी अतिरंजित आहे. आज बहुतेक संकेतस्थळांची वाहतूक कूटबद्धच असते. शेजारच्या टेबलावरून स्क्रीनमध्ये डोकावणारा आणि लॅपटॉप उचलून नेणारा हे दोघे जास्त खरे चोर. म्हणून लॅपटॉपमधला सगळा मजकूर कूटबद्ध ठेवणारी सोय, म्हणजे विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, चालू आहे का ते आजच बघा, आणि कामाची प्रत रोज आपोआप दुसरीकडे जाईल अशी सोय करा.

पायरी ७: बॅग

शीर्षकात काम मांडीवर आहे, पण प्रत्यक्षात ते मांडीवर करू नका. दोन महिन्यांत मान बोलायला लागते. घडीचा स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस ही चैन नव्हे, औषध आहे. माइकवाले तारेचे हेडफोन घ्या. बिनतारीचे आवडत असतील तरी एक तारेची जोडी असू द्या.

लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे तो जगभर चालतो. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. केस वाळवायचं यंत्र त्यात खुपसलंत तर धूर निघू शकतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, सामानात टाकायला मनाई आहे. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते. काही विमान कंपन्यांनी २०२५ पासून विमानात ती वापरायलाही बंदी केली आहे. जास्तीचा चार्जर घ्या. लॅपटॉपचा चार्जर हरवतो तो नेहमी सणासुदीच्या दिवशी, दुकानं बंद असताना.

पायरी ८: पैसा आणि विमा

दोन बँकांची, दोन वेगवेगळ्या जाळ्यांवरची (एक व्हिसाचं, एक मास्टरकार्डचं, असं) कार्डं, आणि ती एकाच पाकिटात नकोत. कार्डयंत्राने 'तुमच्या चलनात पैसे देता का?' विचारलं की 'नाही, स्थानिक चलनात' म्हणा. त्यांचा दर सहसा महागच पडतो. तीन महिन्यांचा खर्च आणि परतीचं तिकीट एवढी रक्कम बाजूला काढलेली नसेल, तर अजून निघू नका.

विमा घेताना काय मिळतं यापेक्षा काय वगळलं आहे ते पान आधी वाचा. पर्यटकांचा विमा बहुतेकदा ठरावीक दिवसांच्या सहलीसाठी असतो आणि काही पॉलिसी तिकडे काम करणाऱ्याला मोजत नाहीत. स्कूटर भाड्याने घेऊन पडलात आणि त्या वाहनाचा वैध परवाना नसेल, तर दावा फेटाळला जाण्याची दाट शक्यता. लॅपटॉप कंपनीचा असेल तर तो कुणाच्या विम्यात येतो, हेही विचारून ठेवा.

पायरी ९: आधी तालीम, मग तिकीट

एकदम दूर जाऊ नका. आपल्याच देशात, त्याच टाइम झोनमध्ये, ओळखीचं कुणी नसलेल्या गावात दोन आठवडे राहून पूर्ण काम करा. सुट्टी एकही घेऊ नका. कुठे अडलं ते रोज दोन ओळींत लिहा. बहुतेकांच्या वहीत दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: खुर्ची आणि एकटेपणा. दोन्हींवर उपाय आहेत, पण ते घराजवळ सापडलेले बरे.

मग तिकीट. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी निघा. प्रवासाच्या दिवशी 'विमानतळावरून जोडून घेईन' असं कुणालाही कबूल करू नका. एका जागी निदान महिनाभर राहा. दर आठवड्याला गाव बदलणाऱ्याचा अर्धा वेळ सामान बांधण्यात आणि उरलेला नवा किराणा दुकानदार शोधण्यात जातो, आणि महिन्याचं भाडं दिवसांच्या भाड्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. तरी पूर्ण महिना एकदम भरण्याआधी चार-पाच दिवसांचंच बुकिंग करून घर बघून घेता आलं तर उत्तम.

एकटेपणाचं एक सांगते. पहिले दहा दिवस नवलाईत जातात, तो येतो साधारण तिसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी जाण्याची एक जागा लावून घ्या: भाषेचा वर्ग, पोहण्याचा तलाव, कोवर्किंगमधलं सामूहिक जेवण, काहीही. दुसऱ्यांदा गेलात की लोक नावाने हाक मारतात.

पोचल्यावर रविवारी, सामान लावण्याआधी, टेबलावर बसा. कुणा मित्राला दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल लावा आणि मध्येच वाय-फाय बंद करून हॉटस्पॉटवर या. कॉल किती सेकंद तुटला ते त्याला विचारा. मग घराचा पत्ता स्थानिक लिपीत कागदावर लिहून पाकिटात ठेवा, फ्यूज बॉक्स कुठे आहे ते मालकाला विचारा, आणि सोमवारच्या पहिल्या मिटिंगच्या तासभर आधीचा गजर लावा.